पब्लिकन म्हणजे कोण? रोमचा मक्तेदार, बायबलातला जकातदार आणि इंग्लंडचा पबवाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'पब्लिकन' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

कोणत्या काळातला मजकूर वाचता त्यावर अर्थ ठरतो. प्राचीन रोमच्या इतिहासात पब्लिकन म्हणजे सरकारी उत्पन्नाचा किंवा सरकारी कामाचा मक्ता लिलावात घेणारा धनिक. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात पब्लिकन म्हणजे नाक्यावर बसून जकात घेणारा. गेल्या तीनेकशे वर्षांच्या इंग्रजीत पब्लिकन म्हणजे पब चालवणारा. ही तीन वेगळी माणसे आहेत. त्यांची पत, त्यांचा धंदा आणि त्यांच्यावरचा राग यांत फार अंतर आहे. या शब्दाबद्दलचे बहुतेक गैरसमज तिघांना एक धरल्यामुळे झाले आहेत.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये 'पुब्लिकुम' म्हणजे सरकारी मालमत्ता, सरकारी उत्पन्न. त्याचा मक्ता घेणारा तो 'पुब्लिकानुस', अनेकवचनी 'पुब्लिकानी'. उल्पियान या रोमन कायदेपंडिताने केलेली व्याख्या सरळ आहे: जे सरकारी उत्पन्नाचा उपभोग घेतात ते पुब्लिकानी. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द 'करवसुली करणारा' याच अर्थाने आला. दारूचा तेव्हा काही संबंध नव्हता.

रोमन सरकार स्वतःच कर का गोळा करत नव्हते?

प्रजासत्ताकाच्या काळात रोमकडे नोकरशाही जवळजवळ नव्हतीच. अधिकारी दरवर्षी निवडून येत, वर्षभरात बदलत. कायमचे कारकून मोजके. प्रांतात जाणारा राज्यपाल सोबत थोडीशी माणसे घेऊन जाई. हजारो शेतांतले धान्य मोजणे, बंदरावर माल तपासणे, गायरानातल्या गुरांची नोंद ठेवणे हे काम त्या मनुष्यबळात होणे शक्य नव्हते. शिवाय मक्ता दिला की रक्कम आधीच ठरते आणि पाऊसपाण्याची जोखीम मक्तेदाराच्या गळ्यात पडते.

सेनेटर मंडळींना, म्हणजे रोमच्या कारभार पाहणाऱ्या 'सेनेट' सभेच्या सदस्यांना, असे मक्ते घ्यायला मनाई होती. इ.स.पू. २१८ च्या क्लॉडियन कायद्याने तर त्यांना ३०० अँफोरांपेक्षा (मातीच्या मोठ्या रांजणांपेक्षा) जास्त माल मावणारे समुद्री जहाज बाळगायलाही बंदी घातली. त्यामुळे हा धंदा त्यांच्या खालच्या श्रीमंत वर्गाकडे, म्हणजे ज्यांना 'एक्विटेस' म्हणत त्यांच्याकडे गेला.

लिलाव कसा होत असे?

लिलाव सेन्सॉर हा जनगणना आणि सरकारी मक्ते पाहणारा अधिकारी करी, साधारण दर पाच वर्षांनी, रोमच्या फोरममध्ये म्हणजे मुख्य चौकात, सर्व लोकांसमोर. मक्त्याच्या अटी आधी जाहीर होत: कोणता कर, कोणता प्रदेश, दर किती, सूट कोणाला. बोली लावणाऱ्याला 'मान्केप्स' म्हणत. बोली त्याच्या नावावर सुटली तरी एवढ्यावर काम संपत नसे. त्याला जामीन राहणारी माणसे उभी करावी लागत आणि जमीनजुमला सरकारदप्तरी तारण म्हणून नोंदवावा लागे. रक्कम थकली तर सरकार त्या जमिनी विकून वसूल करी.

मोठा मक्ता एका माणसाला झेपत नसे, म्हणून भागीदारांची मंडळी होई. तिला 'सोसिएतास' म्हणत. मंडळीचा प्रमुख 'माजिस्तेर' रोममध्ये बसे, हिशेबवह्या त्याच्याकडे. प्रांतात त्याचा प्रतिनिधी 'प्रो माजिस्त्रो'. त्याच्या हाताखाली कारकून, पत्रे नेणारे, पहारेकरी, नाक्यावरचे वसुलीदार, आणि यांत गुलामही बरेच. मंडळीत 'पार्तेस' म्हणजे हिस्से असत आणि त्यांची किंमत वर-खाली होई, हे सिसेरो या रोमन वक्त्याच्या एका भाषणातून कळते. एवढ्यावरून रोममध्ये शेअरबाजार होता असे काही लेखक ठोकून देतात. एवढा मोठा निष्कर्ष त्या पुराव्यावर पेलत नाही.

बांधकामाच्या मक्त्याचे उत्तम उदाहरण पुतेओली गावच्या इ.स.पू. १०५ च्या शिलालेखात आहे. भिंत आणि दरवाजाच्या कामाची किंमत १,५०० सेस्टर्स (रोमन नाणी). अर्धी रक्कम जमिनीचे तारण पुरेसे नोंदले की मिळणार, उरलेली अर्धी काम पूर्ण होऊन पसंत पडल्यावर. हे काम गावपातळीवरचे होते, पण रोमच्या मोठ्या मक्त्यांचा साचाही असाच होता.

म्हणजे पब्लिकन फक्त करच वसूल करत नसे?

नाही, आणि हे सहसा विसरले जाते. रस्ते, मंदिरे, नाले यांची बांधणी-दुरुस्ती, सैन्याला कपडे आणि धान्य, खाणी, मिठागरे हे सगळे मक्त्याने जाई. इ.स.पू. २१५ मध्ये कार्थेजचा सेनापती हानिबाल याच्याशी युद्ध चालू असताना तिजोरी रिकामी होती. तेव्हा १९ जणांच्या तीन मंडळ्यांनी स्पेनमधल्या सैन्याला उधारीवर रसद पुरवली. त्यांच्या अटी दोन: मक्ता चालू असेपर्यंत आम्हाला सैन्यात बोलवायचे नाही, आणि वादळाने किंवा शत्रूमुळे माल बुडाला तर नुकसान सरकारचे.

दुसऱ्या अटीचा गैरफायदा लगेच घेतला गेला. पिर्गी गावच्या मार्कुस पोस्तुमियुसने मोडकी जहाजे रद्दी मालाने भरून मुद्दाम बुडवली आणि मोठ्या भरपाया मागितल्या. इ.स.पू. २१२ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा मक्तेदारांनी सभाच उधळून लावली. शेवटी पोस्तुमियुस परागंदा झाला.

करांमध्ये कोणते कर त्यांच्याकडे असत?

मुख्यतः तीन. 'देकुमा' म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा. 'स्क्रिप्तूरा' म्हणजे सरकारी गायरानात गुरे चारण्याचा कर. गुरांची नोंद लिहून घेत म्हणून हे नाव. 'पोर्तोरियुम' म्हणजे बंदरावरची आणि सीमेवरची जकात. आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, ही जकात मालाच्या किमतीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी होती, म्हणजे अडीच टक्के. साम्राज्याच्या पूर्व सीमेवरून आत येणाऱ्या परदेशी मालावर पुढे २५ टक्के घेत.

आशियाच्या जकातीचे नियम आज सविस्तर वाचता येतात, कारण इ.स. ६२ मध्ये कोरलेला त्यांचा शिलालेख १९७६ साली एफेससला सापडला. व्यापाऱ्याने माल नाक्यावर जाहीर करायचा आणि नोंदवायचा. लपवलेला माल सापडला तर जप्त. नाक्यावर नोंद करताना खरे भांडण होई ते किमतीवरून, कारण दर ठरलेला असला तरी किंमत कोण ठरवणार हा प्रश्न उरतोच.

नफा कसा होई आणि मक्तेदार बुडत कसे?

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पाच वर्षांचा दशांश १ कोटी देनारियसला (देनारियस हे रोमन चांदीचे नाणे) घेतला. माणसे, गोदामे, वाहतूक, कर्जावरचे व्याज मिळून खर्च २० लाख. म्हणजे १ कोटी २० लाख जमेपर्यंत मक्तेदाराच्या हाती काहीच नाही. चांगल्या पावसात दीड कोटी जमले तर ३० लाख नफा. एक-दोन वर्षे पीक गेले आणि १ कोटी १५ लाखच जमले तर ५ लाख तोटा, आणि जामिनांच्या जमिनी धोक्यात. पीक घटले की शेतकऱ्याचा दशांश आपोआप घटतो, पण सरकारला द्यायची बोली घटत नाही. सगळा ताण या एका गोष्टीत आहे, आणि तो शेवटी शेतकऱ्याच्या खळ्यावर उतरतो.

इ.स.पू. ६१ मध्ये आशियाचे मक्तेदार नेमके इथेच अडकले. चढाओढीत बोली फार वर गेली आणि मग त्यांनी सूट मागितली. सेनेटर धाकट्या केटोने ती अडवून धरली. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरने रकमेचा एक तृतीयांश माफ केला आणि पुढे इतकी बेफाम बोली लावू नका अशी ताकीद दिली. त्याच्या उलट टोकाला थोरल्या केटोचे उदाहरण आहे. इ.स.पू. १८४ मध्ये सेन्सॉर असताना त्याने करांचे मक्ते चढ्या भावाने आणि कामांचे मक्ते पडत्या भावाने दिले. मक्तेदारांनी ओरड केल्यावर सेनेटने फेरलिलाव करायला लावला. केटोने आधीच्या बोलीदारांना बाहेर ठेवले आणि रक्कम अगदी थोडी कमी करून तेच मक्ते दुसऱ्यांना दिले.

एवढी बदनामी कशामुळे झाली?

वसुलीचा, सावकारीचा आणि न्यायाचा अधिकार एकाच वर्गाच्या हाती आला म्हणून. इ.स.पू. १२३ मध्ये गायुस ग्राकुस या लोकनेत्याने आशिया प्रांताच्या दशांशाचा लिलाव रोममध्येच करायची पद्धत घातली. त्याच सुमारास प्रांतातल्या लाचखोरीच्या खटल्यांतले पंचही एक्विटेस वर्गातून घेतले जाऊ लागले. मक्तेदारांना आवर घालणारा अधिकारी परतला की त्याचा निवाडा त्यांच्याच वर्गाचे लोक करणार! रुटिलियुस रुफुस या अधिकाऱ्याचे तसेच झाले. आशियात मक्तेदारांना त्याने लगाम घातला होता. इ.स.पू. ९२ मध्ये त्यालाच लुबाडणुकीबद्दल दोषी ठरवले. तो राहायला गेला तो ज्या प्रांताला लुटल्याचा आरोप होता त्याच प्रांतात, आणि तिथल्या लोकांनी त्याचे आदराने स्वागत केले. आरोप किती खरा होता हे यातून दिसते.

कर थकला की गावे कर्ज काढत, बहुधा त्याच मंडळींच्या ओळखीच्या सावकारांकडून. रोमन सेनापती सुल्लाने आशियावर २०,००० टॅलेंटचा (टॅलेंट हे चांदीचे मोठे वजनी माप) दंड बसवला होता. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराच्या म्हणण्यानुसार व्याजावर व्याज चढून तो १,२०,००० पर्यंत गेला. पुढे सेनापती लुकुल्लुसने व्याज महिना एक टक्क्यावर आणले तेव्हा श्वास घ्यायला जागा झाली. त्याआधी इ.स.पू. १०४ च्या सुमारास आशियाच्या शेजारच्या बिथिनिया राज्याच्या राजाकडे रोमने सैन्य मागितले, तर त्याने उत्तर दिले की माझी बहुतेक माणसे पब्लिकन लोकांनी धरून गुलाम केली आहेत.

सिसिलीतली तऱ्हा वेगळी. तिथे दशांशाचा लिलाव सिराक्यूजमध्ये होई, बोली लावणारे सुटे असत, आणि जुने स्थानिक नियम शेतकऱ्याला बरेच संरक्षण देत. राज्यपाल वेरेसने (इ.स.पू. ७३–७१) ते मोडले. वसुलीदाराशी रक्कम ठरल्याशिवाय खळ्यावरून धान्य हलवायचे नाही असा हुकूम त्याने काढला. वसुलीदार सांगेल तेवढे आधी द्यायचे, जास्त घेतले असेल तर मागाहून आठपट दंडाचा दावा लावायचा. कागदावर दंड जबर, पण पंच वेरेसचेच.

त्यांच्यावर कायद्याचा धाक नव्हता का?

होता, पुढे वाढतही गेला. मक्तेदाराने किंवा त्याच्या माणसांनी जबरदस्तीने काही घेतले आणि परत केले नाही, तर वर्षाच्या आत दावा केल्यास दुप्पट, नंतर केल्यास घेतले तेवढेच परत. इ.स. ५८ मध्ये तक्रारी फार वाढल्यावर सम्राट नीरोने प्रत्येक कराचे नियम जाहीर लावायला सांगितले आणि वर्षाहून जुनी थकबाकी मागायला मनाई केली. आजवर गुप्त असलेले नियम लोकांना दिसतील अशा जागी आले, हा त्यातला खरा फरक.

ही पद्धत संपली कधी?

एका दिवसात नाही. सीझरने आशियाचा शेतसारा मक्तेदारांकडून काढून गावांच्या हाती दिला. सम्राटांच्या काळात जमिनीचा आणि डोईचा कर हळूहळू नगरसभा आणि सरकारी अधिकारी यांच्याकडे गेला. जकात मात्र बराच काळ मक्त्यानेच चालली.

बायबलातला पब्लिकन हाच का?

नाही. हा गोंधळ भाषांतरातून झाला. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे 'तेलोनेस', म्हणजे कर किंवा जकात घेणारा. लॅटिन बायबलने तिथे 'पुब्लिकानुस' घातला, आणि टिंडेलच्या १५२६ च्या आणि किंग जेम्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरांनी तोच 'पब्लिकन' म्हणून घेतला. पण येशूच्या काळात गालीलात किंवा यहूदियात रोमन एक्विटेसच्या मंडळ्या शेतसारा वसूल करत नव्हत्या. तेलोनेस होते ते स्थानिक यहुदी, छोट्या जकातीचे मक्ते घेणारे किंवा त्यांचे नोकर.

मत्तय कफर्णहूमला जकातनाक्यावर बसलेला होता. ते गाव रोमचा मांडलिक हेरोद अंतिपा याच्या राज्यात, त्याचा भाऊ फिलिप्प याच्या हद्दीजवळ. म्हणजे त्याची जकात थेट रोमच्या तिजोरीत जात नव्हती. यरीहोचा जक्कय वरच्या पायरीवरचा: ग्रीकमध्ये 'आर्खितेलोनेस', मराठी बायबलात 'मुख्य जकातदार'. यरीहो रोमच्या अमलाखालच्या यहूदियात आणि यरुशलेमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत देतो, असे तो म्हणतो. बाप्तिस्मा देणारा योहान जकातदारांना धंदा सोडा असे सांगत नाही, नेमून दिले आहे त्याहून जास्त घेऊ नका एवढेच सांगतो. तक्रार नेमकी कशाची होती हे त्याच्या त्या एका वाक्यावरून समजते.

सगळे जकातदार गरीब होते असेही नाही. इ.स. ६६ मध्ये कैसरियात यहुदी समाजाच्या वतीने राज्यपाल फ्लोरुसला ८ टॅलेंट देणाऱ्या प्रमुख मंडळींत योहान नावाचा जकातदार होता, हे जोसीफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवले आहे.

'जकातदार व पापी' असे जोडीने का येते?

कारण त्यांचा पैसा संशयाचा समजला जाई. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात स्पष्ट नियम आहे: जकातदाराच्या पेटीतून नाणी मोडून घेऊ नयेत, त्यातून दानही घेऊ नये, मात्र त्याच्या घरातून किंवा बाजारात घेतलेले चालते. पेटीतला पैसा लुबाडलेला असू शकतो, घरातला त्याचा स्वतःचा, असा हा बारीक भेद. दुसऱ्या एका नियमात खुनी, लुटारू आणि जकातदार यांच्यापासून माल वाचवण्यासाठी खोटी शपथ चालेल असे म्हटले आहे. परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) आणि जकातदार यांची लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातली, जकातदारालाच नीतिमान ठरवणारी गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली की ऐकणाऱ्यांना ती किती टोचली असेल ते समजते.

मग इंग्रजीत हा शब्द दारूकडे कसा गेला?

'पब्लिक हाउस' या नावामुळे. कोणालाही खुले असलेले, पैसे देऊन प्यायचे घर ते पब्लिक हाउस. ते चालवणारा पब्लिकन. करवसुलीशी संबंध उरला नाही, फक्त बायबलमुळे कानांना ओळखीचा असलेला शब्द नव्या कामाला लागला. १८ व्या शतकात हा अर्थ रुळत होता. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पहिला अर्थ जकात घेणारा, आणि दुसरा सार्वजनिक पाहुणचाराचे घर चालवणारा. या दुसऱ्याला त्याने 'हलकी भाषा' असा शेरा मारला आहे. आज पहिला अर्थ इतिहासाच्या पुस्तकात गेला आणि दुसराच ब्रिटन, आयर्लंड व ऑस्ट्रेलियात रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजी बायबलच्या नव्या भाषांतरांनी म्हणूनच 'पब्लिकन' काढून 'टॅक्स कलेक्टर' घातला.

मराठीतला 'गुत्ता' हा तसाच प्रवास आहे का?

दिसायला तसाच, वाट मात्र वेगळी. गुत्ता म्हणजे मूळ मक्ता. मराठवाड्यात ठेकेदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारूविक्रीचे हक्क मक्त्याने दिले जात, म्हणून मक्त्याचे दुकान तेच 'दारूचा गुत्ता' झाले. इथे मक्ता आणि दारू यांचा खरा व्यवहाराचा संबंध आहे. इंग्रजीत तो नाही. गोव्यातला माडी काढणारा रेंदेरही असाच. त्याचे नाव पोर्तुगीज 'रेंदेइरो', म्हणजे खंडाने किंवा मक्त्याने घेणारा, यावरून आले असे मानतात.

इंग्लंडमध्ये पब्लिकन होण्यासाठी काय लागे?

१५५२ च्या कायद्याने एलहाउस (बिअर विकणारे घर) चालवायला दोन जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधीश, यांचा परवाना लागू लागला, आणि घरात दंगा व बेकायदा खेळ होऊ देणार नाही असा जामीनकतबा लिहून द्यावा लागे. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने दार सताड उघडले: करदात्या घरमालकाने वर्षाला २ गिनी अबकारी खात्यात भरल्या की बिअर विकायला मोकळीक, न्यायाधीशाकडे जायचे काम नाही. त्यातून दुकाने भराभर वाढली, पण स्पिरिट (जिनसारखी कडक दारू) विकायचे तर जुनाच परवाना लागे. १८६९ मध्ये नवी बिअरहाउसेही पुन्हा न्यायाधीशांच्या ताब्यात आली.

आज इंग्लंड-वेल्समध्ये २००३ चा कायदा चालतो. जागेसाठी एक परवाना आणि माणसासाठी वेगळा, दोन्ही स्थानिक परिषदेकडून. शिवाय प्रत्येक पबला एक नावनिशीवार जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी लागते.

पब्लिकन मालक असतोच असे नाही. 'टाइड हाउस'मध्ये इमारत कंपनीची असते, पब्लिकन भाडेकरू असतो आणि बिअर त्याच कंपनीकडून, तिच्या भावाने घ्यावी लागते. भाडे कमी दिसते म्हणून करार करणारे पुष्कळ भाडेकरू या बिअरच्या भावात अडचणीत येतात. 'फ्री हाउस'ला असे बंधन नसते.

पब्लिकन आणि इनकीपर यांत फरक काय?

इनकीपरवर, म्हणजे सराई चालवणाऱ्यावर, प्रवाशाला जागा असेपर्यंत राहायला देण्याची कायदेशीर जबाबदारी असे. पब्लिकनवर ती नाही.

महाराष्ट्रात रोमसारखी पद्धत होती का?

होती, नाव मक्ता किंवा इजारा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांचा वसूल जास्त बोली लावणाऱ्याला देण्याचा सपाटा झाला, आणि मुदत थोडी असल्याने मक्तेदार मिळेल तेवढे ओरबाडून घेई. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात त्यावर कडक टीका आहे. रोममध्ये निदान पाच वर्षे मिळत. मुदत जितकी आखूड तितकी गावाची काळजी कमी, हा फरक लक्षात घ्यावा. आजच्या काळातले जवळचे उदाहरण टोलचे आहे. ठरलेली रक्कम सरकारला द्यायची आणि ठरावीक वर्षे वाहनांकडून वसुली करायची, हा साचा ओळखीचाच. मुंबईची जकात मात्र जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ पासून बंद झाली.

मध्ययुगातल्या कागदांत 'पब्लिकानी' नावाचा पंथ दिसतो, तो कोणता?

त्याचा कराशी काही संबंध नाही. १२ व्या शतकात पश्चिम युरोपात कॅथर व तत्सम पाखंडी समजल्या जाणाऱ्यांना हे नाव पडले. पूर्वेकडच्या 'पॉलिशियन' पंथाच्या नावाचा तो अपभ्रंश असावा. ११६६ च्या सुमारास ऑक्सफर्डला अशा लोकांना डागण्या देऊन ऐन हिवाळ्यात हाकलून दिले होते.

भाषांतर करताना कोणता मराठी शब्द वापरावा?

रोमच्या संदर्भात 'मक्तेदार' किंवा 'करमक्तेदार'. 'कर अधिकारी' हा चुकीचा, कारण तो सरकारी नोकर नव्हता. बायबलच्या संदर्भात 'जकातदार', तो रूढ आहे आणि 'पब्लिकन'पेक्षा मूळ ग्रीक शब्दाच्या जास्त जवळ आहे. ब्रिटिश संदर्भात 'पबचालक' किंवा सरळ 'पबवाला'. तिथे 'गुत्तेवाला' लिहू नये, कारण गुत्ता म्हटले की वाचकाच्या मनात येणारी जागा आणि इंग्लंडच्या गावातला पब यांत फार अंतर आहे. संदर्भ कोणता हे कळत नसेल तर तारीख पाहावी: १७०० च्या आधीच्या इंग्रजी मजकुरात हा शब्द दिसला तर आधी जकातदार धरून वाक्य लावून बघावे.